‘पीस’ हा शब्द खोडायच्या नादात

हवालदारसाहेब,

तुमचं नऊ पानांचं पत्र वाचलं, सोबतच्या झेरॉक्सही पाहिल्या. असं पत्र मला चोपड्याहून येतं, पारोळ्याहून येतं, शिरपूर-साक्रीकडून येतं. गाव बदलतं, पलटण बदलते, बाकी मजकूर जवळपास तोच. म्हणून हे उत्तर तुमच्या नावाने असलं तरी त्या सगळ्यांनी वाचावं.

त्यांच्यासाठी हकीकत थोडक्यात. चोवीस वर्षं नोकरी करून तुम्ही ऑक्टोबर 2012 अखेर अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतलात. निघताना रिलीज मेडिकल बोर्डाने (सुटताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) उच्च रक्तदाब लिहिला, अपंगत्व 30 टक्के, आयुष्यभरासाठी. आणि शेरा मारला की हा आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही. त्या इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांचा ‘नाना’ होतो. खानदेशात घरोघरी एक नाना असतो. हा नाना मात्र नेहमीच्या पेन्शनवर मिळणारी अपंगत्व पेन्शन खाऊन बसतो. कारणाच्या रकान्यात बोर्डाने एकच ओळ लिहिली आहे: आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) सुरू झाला. तुमचं म्हणणं असं की, बीपी पहिल्यांदा सापडलं ते 2006 साली, जम्मू-काश्मीरमध्ये फील्डला, म्हणजे मोहिमेच्या भागात असताना, युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात. 2007 ला पीसला बदली झाली, तिथल्या हॉस्पिटलने निदान पक्कं केलं, लो मेडिकल कॅटेगरी (खालचा वैद्यकीय दर्जा) लावली, आणि बोर्डाने ती नंतरची तारीख उचलली. तेव्हापासून ती ओळ दुरुस्त व्हावी म्हणून तुम्ही तेवीस पत्रं लिहिलीत. रेकॉर्ड ऑफिसला, मंत्र्यांना, दिल्लीच्या पोर्टलवर, आमदारांमार्फत. शिवाय धुळ्यात भेटलेल्या एका एजंटाला पैसे दिलेत, ते वेगळेच.

ती ओळ आहे तशी राहू द्या. का, ते पुढे सांगतो. आधी तारखेचं बोलू, कारण तुमचं सगळं प्रकरण तिच्यावर येऊन थांबलंय आणि तुमच्या नऊ पानांत तिचा उल्लेखच नाही.

1 जानेवारी 2008 पासून सेवेतून बाहेर पडलेल्यांना 2008 चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अपंगत्व पेन्शनच्या हक्काचे नियम, लागू होतात. (2023 साली नवे नियम आले, ते तुमच्यासाठी नाहीत, त्यावरचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाचून घाबरू नका.) त्यातला नियम 7 काढा. पहिलं वाक्य जवानाच्या बाजूचं आहे: हक्क सिद्ध करायला दावेदाराला साधारणपणे सांगितलं जाणार नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याला लागून दुसरं वाक्य आहे, ते कोणी वाचत नाही. दावा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं उलटल्यावर केला आणि तोवर जतन करण्याची मुदत संपून सेवेची कागदपत्रं नष्ट झालेली असली, तर सिद्ध करण्याचा भार दावेदाराच्या डोक्यावर येतो.

तुमची पंधरा वर्षं ऑक्टोबर 2027 अखेर भरतात. तोवर, हा आजार सेवेतला का नाही हे सरकारने सांगायचं. त्यानंतर कागद नष्ट झाल्याचं त्यांनी कळवलं, की तो सेवेतला कसा हे तुम्ही सांगायचं. आणि कशाच्या जोरावर? एमआय रूमच्या 2006 च्या चिठ्ठीच्या जोरावर, जी तुमच्याकडे नाही. दावा 2012-13 सालीच झाला होता, तेव्हाच तो नाकारला गेला, म्हणून पंधरा वर्षांचा प्रश्नच येत नाही, असा युक्तिवाद मी करीन. तो टिकेलही. पण आज अर्ज केला तर ज्या वादाला जागाच राहत नाही, तो वाद जिंकण्याच्या भरवशावर पेन्शन टांगून कशाला ठेवायची?

आता त्या ओळीकडे येऊ. भरतीच्या दिवशी तुमची तपासणी झाली, फॉर्मवर रक्तदाबाची नोंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं, आणि बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर त्याने कारणं लिहायची. हा निकाल 1982 च्या जुन्या नियमांवरचा. सरकारी वकील उठून सांगतील की 2008 च्या नियमांत ते गृहीतक त्या शब्दांत उरलेलं नाही. सांगू द्या. कारणं लिहिण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या एका प्रकरणात म्हटलं की आजार पीस स्टेशनला सुरू झाला एवढ्यावरून पेन्शन नाकारता येत नाही. तुमचं प्रकरण जिथे जाईल त्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठावर तो निकाल बंधनकारक नाही, पण त्याचं वजन पडतं.

म्हणजे जी ओळ खोडून घ्यायला तुम्ही बारा वर्षांहून जास्त काळ धडपडताय, ती बोर्डाची दुबळी बाजू आहे. ते कारणच नव्हे, नुसता पत्ता आहे. उद्या तुमच्या पत्रांना यश येऊन कोणी ते प्रकरण पुन्हा उघडलंच, तर नवं बोर्ड कोरा रकाना ठेवणार नाही. डॉक्टर आता कारणं लिहायला शिकले आहेत: वजन, तंबाखू, वडिलांनाही बीपी होतं. आणि तुमच्या वडिलांना होतं, हे तुम्हीच पान सहावर लिहिलंय.

फील्डचा पुरावा निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. सैन्याच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत रक्तदाबासाठी फील्ड, अति उंचीवरची आणि बंडखोरीविरोधी तैनाती यांना महत्त्व आहेच. पण त्यासाठी ती चिठ्ठी लागेलच असं नाही. 2006 साली तुम्ही कुठे होतात हे शीट रोल, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदींचा कागद, सांगतो. फील्डहून परतल्यावर काही महिन्यांत रक्तदाब पक्का झाला, एवढं त्यातून दिसलं तरी पुष्कळ झालं.

उशिराची दुसरी किंमत रोख पैशांत आहे. 2008 चा तरसेम सिंग निकाल: जवान 1983 साली वैद्यकीय कारणाने घरी आला, कोर्टात गेला 1999 ला. पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केलं नाही. पण थकबाकी दिली ती अर्जाआधीच्या फक्त तीन वर्षांची. बाकीची गेली. काही प्रकरणांत याहून जास्त मिळाली आहे, त्यावर भिस्त ठेवून चालू नका. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की अर्ज एक महिना लांबला की मागच्या टोकाचा एक महिना गळतो. तुम्ही ‘आधी रेकॉर्ड दुरुस्त होऊ दे, मग केस’ म्हणत बसलात तेव्हा तेच होत होतं. 30 टक्के अपंगत्व राउंडिंगने 50 धरलं जातं; मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही तो लाभ मिळतो हे 2014 च्या राम अवतार निकालाने ठरलं. पूर्ण 100 टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणून 50 ला 15 टक्के, वर महागाई सवलत. हे दर महिन्याला. आकडा तुम्हीच काढा. मी काढून दिला तर रात्रीची झोप जाईल, आणि बीपी तर तुम्हाला आहेच.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मन्हं काय चुकनं?’ विचारलंत म्हणून सांगतो. बोर्डाच्या फॉर्मच्या सुरुवातीला तुमचं स्वतःचं निवेदन असतं. सेवेतल्या कोणत्या घटनेमुळे आजार झाला किंवा वाढला, असा सरळ प्रश्न तिथे आहे. तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, कारण क्लार्क म्हणाला लवकर उरका, गाडी चुकेल. एक. 2013 मध्ये दावा नाकारल्याचं पत्र आलं. त्यात सहा महिन्यांत पहिलं अपील करा असं छापलेलं होतं. ते तुम्ही ट्रंकेत ठेवलंत आणि अपीलाऐवजी विनंतीपत्रं लिहीत सुटलात. दोन. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे या कामापुरतं पोस्ट ऑफिस. बोर्डाने लिहिलेलं अक्षर बदलायचा अधिकार तिथल्या कोणालाही नाही. ते तुमच्या पत्राला ‘विचाराधीन’ म्हणतात, तुम्हाला वाटतं काम चालू आहे. पत्रं लिहीत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे कायद्यात फार जुनं आहे. गावात बांधाच्या भांडणात तुम्ही सातबाऱ्याचा उतारा पंधरा दिवसांत काढला असता. आपल्या स्वतःच्या कागदांना मात्र इतकी वर्षं लावलीत.

असो. करायचं काय? याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रं’ असं मोघम मागू नका. नावानिशी मागा: भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी फॉर्म, पहिल्यांदा कॅटेगरी लावली तेव्हाच्या बोर्डाचा एएफएमएसएफ-15, सुटतानाचा एएफएमएसएफ-16 सगळ्या पानांसकट, शीट रोल, आणि 2013 च्या नकाराची प्रत. उत्तराची मुदत तीस दिवस. कागद नष्ट झाल्याचं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. कधी नष्ट केले, कोणत्या आदेशाने, हे विचारायला जागा मिळते.

त्याच दिवशी पहिलं अपील, अपील समितीच्या नावाने, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, स्पीड पोस्टाने. दोन पानं पुरेत. त्यात ‘ओळ दुरुस्त करा’ हे वाक्य कुठेही नको. ‘बोर्डाने कारण दिलेलं नाही, म्हणून अपंगत्व सेवेशी जोडलेलं धरा’ एवढंच. उशीर का झाला ते खरं लिहा.

मग मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याचं कलम 21 म्हणतं की आधी खात्यातले उपाय संपवा; अपीलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर ते संपले असं धरलं जातं. पण त्या कलमात ‘सामान्यतः’ असा शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या आधाराने थेट अर्ज दाखल करून घेतले जाऊ शकतात. तुमच्या बाबतीत पीठ ऐकेल की आधी सहा महिने थांबा म्हणेल, हे छातीठोक सांगता येणार नाही. सहा महिने थांबावं लागलं तरी ऑक्टोबर 2027 डोळ्यांसमोर ठेवूनच चालायचं. कलम 22 खाली विलंब माफीचा अर्ज सोबत लागेल; दरमहाच्या पेन्शनच्या बाबतीत तो मंजूर होण्याची शक्यता चांगली असते, कारण थकबाकी कापून सरकारला उशिराचा मोबदला आधीच मिळालेला असतो.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘माझं रिव्ह्यू मेडिकल बोर्ड घ्या’ अशी मागणी तुमच्या शेवटच्या तीन पत्रांत आहे. ती मागे घ्या. तुमचे 30 टक्के आयुष्यभरासाठी ठरलेले आहेत. तुम्ही स्वतः मागितल्याशिवाय ते सहसा कोणी उघडत नाही. उघडले आणि 20 या किमान टक्केवारीच्या खाली आले तर सगळंच संपलं. ज्यांचे मुळातच 20 पेक्षा कमी आहेत आणि जे पूर्ण मुदत करून सुटलेत, त्यांना मी खोटी आशा दाखवणार नाही. वैद्यकीय कारणावरून मध्येच घरी पाठवलेल्यांचं वेगळं. त्यांच्यासाठी 2014 चा सुखविंदर सिंग निकाल आहे, त्यांनी स्वतंत्रपणे लिहावं.

वेळ किती लागेल, हे विचारू नका. सदस्यांच्या जागा रिकाम्या पडतात, तारीख लागते, सरकारी वकील उत्तरासाठी चार आठवडे मागतात आणि ते चार महिने होतात. जवानाला हजेरीला एक मिनिट उशीर झाला तर शिक्षा. सरकारला उत्तराला वर्ष लागलं तर पुढची तारीख. आदेश तुमच्या बाजूने लागला तरी अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, असा अनुभव आहे. तुमचं वय पाहता हे सगळं आणखी चीड आणणारं आहे, पण त्यावर माझ्याकडे औषध नाही. तुमच्या हातात आहे ती फक्त पहिली तारीख.

वकील मुंबईचाच हवा असं नाही. 2025 मध्ये नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार साहाय्य योजना सुरू केली आहे. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करा, निदान अपीलाचा मसुदा फुकट तपासून मिळेल. त्या एजंटाला मात्र आता एक रुपयाही देऊ नका, आणि त्याच्याकडे मूळ कागद असतील तर आधी ते परत आणा.

माझ्याकडे यायचं ठरवलंत तर सकाळच्या गाडीने या. तेवीस पत्रांची फाइल घरीच ठेवली तरी चालेल. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि 2013 चं ते नकाराचं पत्र आणा. पत्र ज्या लिफाफ्यातून आलं तो ट्रंकेत असेल तर तोही. नकार तुमच्या हातात कोणत्या दिवशी पडला हे त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही.