ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकचं सील नुकतंच बदललं, तरी पुन्हा तेल गळतंय. असं का?

बहुतेक वेळा दोष सीलचा नसतो, रॉडचा (जॅकमधून आत-बाहेर होणाऱ्या चकचकीत दांड्याचा) असतो. रॉड पुसून त्यावरून नख फिरवा. कुठे अडकलं तर क्रोम (रॉडवरचा कडक चकचकीत थर) उडालंय किंवा चरा पडलाय. तिथे कितीही महागडं सील घाला, कापलं जाणारच. आधी रॉडवर हार्ड क्रोम, म्हणजे तो थर पुन्हा चढवून घ्या.

रॉड गुळगुळीत असेल तर बसवण्यात घोळ आहे. यू-सीलची (U आकाराच्या सीलची) उघडी बाजू तेलाच्या दाबाकडे हवी, वायपरची (रॉडवरची धूळ अडवणाऱ्या सीलची) कड बाहेर. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका, हायड्रॉलिक तेल लावून बोटांनी बसवा. नव्या सीलसाठी माप सील बसतं त्या खाचेचं घ्या, जुन्या सीलचं नको. जुनं सील फुगलेलं असू शकतं. (कुणी ब्रेक ऑइल ओतलं असेल तर सीलचं नायट्रिल रबर फुगणारच.)

आणि खोलताना ट्रॉली पूर्ण खाली. वर ठेवावीच लागली तर लोखंडी टेकू द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.