जुन्या अँबॅसिडरच्या डिफरन्शिअलला कुठलं ऑइल घालावं?

तुमचा गॅरेजवाला म्हणतो जुनी गाडी आहे, साधं नव्वद नंबर चालतं, आणि नेटवर वाचलंत की जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलचा दर्जा) पितळ खातं, म्हणून अडकलात ना? डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरांना, बिनधास्त जीएल-५ घाला, ८०डब्ल्यू-९० जाडीचं. नव्वद नंबर हा नुसता जाडपणा झाला हो, डब्यावर जीएलचा आकडा काय आहे ते बघायचं.

जुन्या गाडीला जुन्या पद्धतीचं साधं ऑइल, हे ऐकायला बरं वाटतं पण अँबॅसिडरचा क्राऊन-पिनियन (डिफरन्शिअलमधली मोठी आणि छोटी गिअरची जोडी) हायपॉइड आहे. म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, जरा खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात नुसते फिरत नाहीत तर एकमेकांवर घासत सरकतात, आणि आंबोलीचा घाट भरल्या गाडीने चढताना त्या दाबाखाली साधं ऑइल टिकतच नाही. जीएल-५ सारखं गंधक-फॉस्फरसवालं ऑइल तापलं की पोलादावर पातळ थर धरतं आणि दातांऐवजी तो थर झिजतो. आणि हे काही नवीन फॅड नाही, पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९२६ सालीच हायपॉइड गाडीत घातला होता.

पितळेची भीती खरी आहे, पण ती गिअरबॉक्सची. तिथे सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) रिंगा पितळी असतात, म्हणून गिअरबॉक्सला गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतायचा शॉर्टकट नको.

आपल्याकडे ग्रेडपेक्षा पाण्याने जास्त वाट लागते. पावसात वहाळाच्या पाण्यात मागचा एक्सल बुडला की तापलेलं हौजिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या भोकातून) नाहीतर सुकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर कालच बदललेलं असलं तरी काढून टाका. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तोही साफ करा, नाहीतर आतल्या दाबाने ऑइल सील ओलांडून थेट ब्रेक लायनरवर येतं.

बदलताना आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा काढा, गंजलेला वरचा सुटलाच नाही तर रिकामं एक्सल घेऊन बसाल. काढलेलं ऑइल बोटांत चोळा, करडी मऊ पेस्ट लागली तर काळजी नाही, टोचणारे कण लागले तर खोलायला लागणार. गाडी सपाटीवर ठेवून भोकातून ओघळायला लागेपर्यंतच भरायचं, आणि जुनं ऑइल कृपा करून माडाच्या बुंध्यात ओतू नका.