म्हाताऱ्या रॅटच्या यकृतात वाढलेल्या पित्तनलिका: आधी कंट्रोलच्या स्लाइड बघा

तुम्ही लिहिलंय, नाशिकच्या तुमच्या फार्मसी कॉलेजात दोन वर्षं सांभाळलेल्या विस्टार जातीच्या रॅटच्या यकृतात पित्तनलिकांची गर्दी दिसते, आणि औषध न दिलेल्या कंट्रोल नरांतही ती आहेच. खाद्यात काही होतं का, इन्फेक्शन झालं का, हा तुमचा प्रश्न. वर्णनावरून मला हा वयाचा बदल वाटतो. फिशर ३४४ जातीच्या नरांत तर म्हातारपणी हा इतका नेहमीचा की दिसला नाही तरच आश्चर्य.

पोर्टल भागात (यकृतात रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असतात ती जागा) एक-दोन नलिकांऐवजी आठ-दहा आडवी छिद्रं दिसतात, पेशी एकसारख्या, नीट. भोवती गुलाबी तंतूंची कडी, आडव्या कापलेल्या कांद्यासारखी. मॅसन ट्रायक्रोम या रंगाने हेच तंतू निळे होतात. काही ठिकाणी नलिका फुगून पातळ भिंतीची सिस्ट, म्हणजे पिशवी, बनते. ती वेगळी नोंदवा. आणि पित्ताशय शोधत बसू नका, रॅटला ते नसतंच.

सुरुवातीच्या काळात मी वरच्या डोसच्या स्लाइड आधी वाचल्या आणि 'औषधाचा परिणाम' असं लिहून मोकळा झालो. आमच्या मॅडमनी कंट्रोलचा ट्रे पुढे सरकवला. तिथेही तेच! त्या रात्री सगळ्या स्लाइडवरचे नंबर झाकून मी पुन्हा पहिल्यापासून ग्रेड (बदल किती तीव्र, याचे अंक) दिले.

म्हणून तुलना त्याच वयाच्या, त्याच अभ्यासातल्या कंट्रोलशीच करा, आणि प्रत्येक जनावराच्या यकृताचे तेच लोब (भाग) घ्या.

पण 'वय झालं' म्हणून सगळंच सोडून देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. १३ आठवड्यांच्या अभ्यासातल्या तरुण रॅटमध्ये हा बदल उठून दिसला, डोसबरोबर ग्रेड चढत गेला किंवा शेजारच्या यकृतपेशी मेलेल्या दिसल्या, तर औषधाकडे बोट जातं. सगळ्यात सावध राहायचं ते कोलँजिओफायब्रोसिस या बदलाबाबत. फ्युरान हे रसायन दिलेल्या रॅटमध्ये तो चांगलाच माहीत आहे. त्यात नलिकांना आतड्यासारखं अस्तर येतं, गॉब्लेट पेशी (म्यूकस, म्हणजे चिकट स्राव, बनवणाऱ्या) दिसतात, पोकळीत तो म्यूकस साठतो, भोवती दाट तंतू आणि सूज. हा वयाच्या खात्यात टाकायचा नाही.

शंका असलेल्या दोन-तीन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यांवर) पीएएस हा रंग करून घ्या. म्यूकस गडद गुलाबी उठतो. ते फोटो आणि गटवार ग्रेड इथे टाका, मी बघतो.