तुमचे प्रश्न: खिशातला जुना लिनक्स

प्रश्न (सेलू, जि. परभणी): जुना नोकिया एन९०० (लिनक्सवर चालणारा फोन) हाती आला. लॅपटॉपवर उबंटूमधल्या आर्म कंपायलरने (फोनच्या आर्म प्रोसेसरसाठी प्रोग्राम बांधणारा) छोटा सी प्रोग्राम बांधून त्यात टाकला. चालवला की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर दिसतेय!

उत्तर: सापडत नाहीये ती तुमची फाइल नव्हे, तिला मेमरीत उचलून ठेवणारा लोडर. तुम्ही बहुधा ‘हार्ड फ्लोट’चा (दशांश संख्या वेगळ्या पद्धतीने हाताळणारा) कंपायलर वापरलाय. त्याची फाइल ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ’ हा लोडर मागते. एन९०० च्या माएमो ५ या लिनक्स प्रणालीत आहे नुसता ‘एलडी-लिनक्स’. लॅपटॉपवर ‘रीडएल्फ’ ही आज्ञा चालवून ‘इंटरप्रिटर’ची ओळ बघा, लगेच कळेल.

मग सगळं स्टॅटिक करून टाकावं, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच भरावी, असं वाटेल. बरोबर आहे, पण आजच्या ग्लिबसीने (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) केलंत तर ‘कर्नल टू ओल्ड’ (लिनक्सचा गाभा फार जुना) म्हणून प्रोग्राम तिथंच बसेल. नव्या ग्लिबसीला किमान ३.२ कर्नल लागतो, इथं आहे २.६.२८. म्हणून मसल या दुसऱ्या सी लायब्ररीचा क्रॉस कंपायलर (एका मशीनवर दुसऱ्यासाठी बांधणारा) घ्या, नावात ‘मसलईएबीआय’ असलेला. ‘स्टॅटिक’ पर्याय द्या, प्रोसेसर कॉर्टेक्स-ए८ सांगा. टर्मिनलवरच्या प्रोग्रामला एवढं पुरतं. खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामला मात्र माएमोचा जुना एसडीकेच (प्रोग्राम बांधायचा संच) लागेल, आणि तो बसवणं कटकटीचं आहे.

एक राहिलं: फाइल ‘मायडॉक्स’मध्ये ठेवू नका. तो भाग फॅटचा, वर ‘नोएक्झेक’ने, म्हणजे तिथून प्रोग्राम चालवायला मनाई करून, माउंट केलेला. ‘सीएचमॉड’ने कितीही परवानगी द्या, ‘परमिशन डिनाइड’च येणार. ‘होम’मधल्या ‘युजर’ फोल्डरमध्ये टाका.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): एन९०० वरच ‘मेक’ (फाइली कंपाइल करवणारी आज्ञा) चालवतो. मोठी सी++ फाइल आली की कंपायलर ‘किल्ड’. ‘क्लॉक स्क्यू’ची (फाइलींच्या वेळेचा घोळ) तक्रारही येते. रॅम वाढवता येईल का?

उत्तर: नाही. रॅम २५६ एमबी, बोर्डावर पक्की. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी जागा) ७६८ एमबी आहे, पण ती आतल्या फ्लॅशवर, म्हणजे बैलगाडीचा वेग. टेम्पलेटने भरलेली फाइल तीन-चार तुकड्यांत फोडा, ‘मेक’ एकाच जॉबवर ठेवा, ऑप्टिमायझेशन बंद करा, ब्राउझर मिटवा. खरं तर बांधणी लॅपटॉपवर आणि चाचणी फोनवर, हाच शहाणपणा.

‘क्लॉक स्क्यू’ रॅममुळे नाही. बॅटरी पार उतरली की घड्याळ मागे जातं आणि कालच्या फाइली भविष्यातल्या ठरतात. आधी तारीख लावा, मग सगळ्या फाइलींवर ‘टच’ फिरवा (त्यांची वेळ आत्ताची होते), नंतर ‘मेक क्लीन’.

प्रश्न (जालना): चार्जिंगची पिन हलते. केबल वाकवून धरली तरच चार्ज होतो.

उत्तर: वाकवणं आजच थांबवा. या फोनचं मायक्रो यूएसबी सॉकेट बोर्डावरून उखडतं, हा त्याचा जुनाच रोग. सोबत तांब्याचे पॅड निघाले तर कारागीरही हात टेकतो. बॅटरी (बीएल-५जे, १३२० एमएएच) काढून बाहेरच्या चार्जरवर लावा. फाइली वाय-फायवरून एसएसएचने (सुरक्षित दूरजोडणी) पाठवा; राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू हवं, ५ गिगाहर्ट्झ याला दिसतच नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चार्जिंग नको. बॅटरी फुगून मागचं झाकण बसत नसेल, तर दाबून बसवू नका, बदला.