बंद करून बघ

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. तू सांभाळतेस त्या जाहिरातींच्या आकड्यांचे पाच स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ, "मॅडम, हे खरं आहे का?" सकाळी वाचला आणि दिवसभर दुसऱ्या कशात मन लागलं नाही. तुझ्या वयाची असताना हाच प्रश्न मलाही पडला होता, पण तो मी कुणालाच विचारला नाही.

आकडे नीट पाहिले. डॅशबोर्ड, म्हणजे जाहिरात प्लॅटफॉर्मचा आकडे दाखवणारा पडदा, म्हणतो, खर्चाच्या सातपट विक्री झाली. क्लायंटचा हिशेबनीस म्हणतो, एकूण विक्री गेल्या वर्षाएवढीच आहे. तुझे बॉस म्हणतात, पडद्यावर आहे तेवढं दाखव. ह्यात खोटं कुणी बोलत नाहीये. जाहिरातीवर क्लिक केल्यावर सात दिवसांत, किंवा ती नुसती दिसल्यावर एका दिवसात, ज्याने खरेदी केली तो प्रत्येक जण डॅशबोर्ड जाहिरातीच्या खात्यात टाकतो. ती दिसली नसती तरी ह्यातल्या किती जणांनी घेतलंच असतं, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. क्लायंट पैसे मोजतो ते मात्र ह्याच उत्तरासाठी.

तुझा निम्म्याहून जास्त खर्च रीटार्गेटिंगवर आहे. म्हणजे वस्तू कार्टमध्ये टाकून निघून गेलेल्यांच्या मागे आपण जातोय. लिफ्टचं बटण कुणीतरी आधीच दाबलेलं असतं, दिवाही लागलेला असतो. आपण येऊन पुन्हा दाबतो, लिफ्ट येते, आणि रिपोर्टमध्ये लिहितो की लिफ्ट आम्ही बोलावली. बटणाला हात न लावता एकदा उभी राहा. बंद करून बघ.

कसं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माहीत असूनही तू केलेलं नाहीस. प्लॅटफॉर्मकडे लिफ्ट टेस्ट मिळत असेल (इथे लिफ्ट म्हणजे जाहिरातीमुळे झालेली वाढ) तर ती लाव, म्हणजे ऑडियन्सचा, जाहिरात ज्यांना दाखवायची त्या लोकांचा, एक भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखा बाजूला निघतो आणि त्याला जाहिरात दिसतच नाही. मिळत नसेल तर विक्री आजवर सारखी चालत आलेल्या शहरांच्या जोड्या लाव, प्रत्येक जोडीतल्या एका शहरात चार आठवडे जाहिरात थांबव, आणि विक्रीचे आकडे क्लायंटच्या वहीतून घे, डॅशबोर्डवरून घेऊ नकोस. क्लायंटचं खातं लहान असेल तर चार आठवड्यांतही काही कळत नाही, रोजच्या चढउतारातच फरक बुडून जातो. मग आठ आठवडे बंद ठेव. मोठमोठ्या जाहिरातदारांच्या प्रयोगांतसुद्धा नेमका फायदा किती हे ठामपणे सांगणं अवघड गेलं आहे. पण अवघड आहे म्हणून विचारायचंच नाही, ही सबब मला चालत नाही.

ह्या वाटेने जाणारी तू पहिली नाहीस. 2017 च्या एप्रिल ते जून ह्या तिमाहीत प्रॉक्टर अँड गॅम्बलने डिजिटल जाहिरातींवरचा 10 कोटी डॉलरहून जास्त खर्च थांबवला. वाढीवर त्याचा परिणाम दिसला नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. 2019 मध्ये 'मार्केटिंग सायन्स' ह्या नियतकालिकात फेसबुकवरच्या 15 प्रयोगांचा अभ्यास आला. लिहिणाऱ्यांत विद्यापीठातले संशोधक होते आणि खुद्द फेसबुकचे लोकही. ज्यांनी जाहिरात पाहिली आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांची नुसती तुलना केली, ती कितीही हुशारीने केली, तरी परिणाम बऱ्याचदा खऱ्यापेक्षा खूप मोठा दिसत होता. जाहिराती चालत नाहीत असा अर्थ ह्यातून काढू नकोस. काही चालतात, आणि उत्तम चालतात. कुठली चालते हे बंद केल्याशिवाय कळत नाही, एवढंच मी सांगतेय.

2021 तुझ्या आधीचं. त्या जानेवारीत फेसबुकने श्रेय मोजण्याची, म्हणजे क्लिकनंतर किती दिवसांतली खरेदी जाहिरातीच्या नावावर धरायची ह्याची, नेहमीची मुदत 28 दिवसांवरून 7 दिवसांवर आणली, आणि एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनवर मागोवा घेण्याआधी परवानगी विचारणं सक्तीचं केलं. माझ्या एका क्लायंटचे पडद्यावरचे आकडे उन्हात ठेवलेल्या बर्फासारखे वितळले. गोदामातून बाहेर पडणारी खोकी होती तेवढीच राहिली. त्या दिवशी मी ऑफिसात बसून रडले, कारण त्याच आकड्यांच्या जोरावर मी तीन वर्षं कितीतरी जणांना शब्द दिले होते.

आता माझं सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्यासमोर तुझ्यासारखेच दोन आकडे होते. मोठा आकडा मी रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत टाकला. खातं दोन वर्षं टिकलं, मला बढती मिळाली. मग क्लायंटकडे पैशांची ओढाताण झाली आणि त्यांनी दोन महिने सगळ्या जाहिराती बंद केल्या. विक्री हलली नाही. खातं गेलं, आणि त्या खात्यावर काम करणाऱ्या दोघांची नोकरी गेली. माझी राहिली. मी खोटं बोलले नव्हते, पडद्यावर होतं तेच दाखवलं होतं, घर चालवायचं होतं, वरून दबाव होता. हे सगळं खरं आहे आणि ते मी स्वतःला हजारदा सांगितलंय. तरी त्यातल्या एकीची टेबलावर ठेवलेली पाण्याची बाटली कितीतरी दिवस तशीच होती, आणि मी जाता येता ती बघायचे.

म्हणून पुढे करारातच लिहायला लागले की दहा टक्के लोक कायम जाहिरातीबाहेर राहतील. त्यापायी तीन क्लायंट सोडून गेले. लोक म्हणाले, हट्टी बाई आहे. आहेच. तीन गेले त्याचं मला दुःख नाही. जे राहिले त्यांना मी आजही तोंड वर करून भेटते.

तू दुसरंही विचारलंस, की माणसं आता माणसं दिसत नाहीत, ऑडियन्स दिसतात, ह्याचं काय करू. ह्यावर माझ्याकडे उपदेश नाही, एक गोष्ट आहे. आम्ही तान्ह्या बाळांच्या वस्तूंचं कॅम्पेन चालवत होतो. अकाउंट्समधली एक सहकारी सातव्या महिन्यात रजेवर गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. बाळ राहिलं नव्हतं. एका दुपारी तिने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. आमची जाहिरात होती. इवल्याशा मोज्यांचा जोड, पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. ते मोजे मीच निवडले होते. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'जाहिरात लपवा' कसं करायचं हे तिला आता पाठ झालं होतं. पण आम्ही नऊ क्रिएटिव्ह, म्हणजे त्याच जाहिरातीची नऊ रूपं, फिरवत होतो, एक लपवली की दुसरी यायची. लपवायची सोय शोधताना चुकून ती दोनदा आत शिरली होती, आणि ते दोन क्लिक आमच्या रिपोर्टमध्ये जमेच्या बाजूला होते.

संध्याकाळी मी वगळायची यादी उघडली, म्हणजे ज्यांना जाहिरात दाखवायची नाही त्यांची. तिच्यात फक्त खरेदी करून झालेले लोक होते. ज्यांच्याकडून पैसे मिळाले त्यांनाच तेवढी आम्ही सुटका दिली होती. तिच्यासारख्यांची खूण एवढीच होती की कुणी महिनोन्‌महिने बाळाच्या वस्तू बघत होतं आणि एके दिवशी एकदम थांबलं. ते थांबणं आम्ही 'पुन्हा गाठा' असं वाचलं. तेव्हापासून माझा नियम आहे की असं अचानक थांबलेल्यांना सहा महिने जाहिरात बंद. किती विक्री बुडते, मोजलेलं नाही. ही एकच गोष्ट मी मोजायला तयार नाही, आणि ह्यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

आणि रात्री पावणेदोनला डॅशबोर्ड उघडून काय करतेस? तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय, आठवड्यात सहा वेळा बजेट आणि ऑडियन्स बदललेत. प्रत्येक मोठ्या बदलाबरोबर ॲड सेट, म्हणजे एका बजेट-ऑडियन्सखालचा जाहिरातींचा गट, पुन्हा लर्निंग फेजमध्ये जातो, जाहिरात कुणाला दाखवायची हे प्लॅटफॉर्म नव्याने शिकायला लागतो. तिथून बाहेर पडायला त्याला साधारण आठवडाभरात 50 कन्व्हर्जन, म्हणजे खरेदीसारख्या हव्या त्या कृती, लागतात, आणि तू त्याला दोन दिवससुद्धा स्वस्थ बसू देत नाहीस. तुझ्या जागरणाने जाहिरात बिघडतेय, सुधारत नाहीये. चिडून लिहितेय, कारण हे मी दहा वर्षं केलं. जेवताना फोन ताटाशेजारी, मुलगा शाळेतलं काहीतरी सांगतोय आणि मी 'हो हो' म्हणत बोटाने पडदा खाली ओढतेय. तो काय सांगत होता ते मला आठवत नाही. आता त्यालाही आठवत नाही, मी विचारून पाहिलं. रात्री नऊनंतर तो पडदा बंद करून बघ. पंधरा दिवसांनी आकडे पडले तर मला सांग.

सोमवारच्या मीटिंगला दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाच टायपात ने. बॉसना आदल्या दिवशी दाखव, त्यांना तिथे तोंडघशी पाडू नकोस. ते नको म्हणाले तर माझा नंबर दे, मी बोलते. क्लायंटपुढे जोड्या लावलेल्या शहरांची यादी आणि जाहिरात थांबवायची तारीख ठेव. तारीख नसेल तर नुसती मान डोलावून मीटिंग संपते.

मीटिंगआधी तुझी वगळायची यादी मला पाठव. स्क्रीनशॉट नको, पूर्ण यादी.