नाकावरचा कॅन्सर परत आलाय, पसरला असेल का?

प्रश्न: बाबांच्या (वय 71) नाकावरचा बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा एक कॅन्सर) काही वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढला होता, आता त्याच व्रणाच्या कडेला परत आलाय आणि कानाजवळ नि पाठीवर पण एकेक निघालाय, बायोप्सीत तिन्ही तेच आलेत. घरात सगळे म्हणतायत पसरला म्हणून. डॉक्टर मोह्स सर्जरी करू म्हणतात. परत कापाकापी कशाला, औषधाने नाही का जाणार?

उत्तर: पसरला नसणार हो. बेसल सेल शरीरात दुसरीकडे जाणं फारच दुर्मिळ, शंभरात एकालाही होत नाही. कानाजवळचा नि पाठीवरचा हे बहुतेक नवे, वेगळे कॅन्सर आहेत, वर्षानुवर्षं ऊन झेललेली कातडी एकाच जागी थोडीच बिघडते! खरा परत आलेला म्हणजे नाकावरचा, आणि जास्त चिवटही तोच, कारण जुन्या व्रणाखाली तो कुठवर गेलाय ते वरून कळतच नाही.

म्हणून मोह्स. नेहमीच्या ऑपरेशननंतर लॅबमध्ये तुकड्याच्या कडांचा अगदी थोडा भाग तपासला जातो, मोह्समध्ये एक पातळ थर काढला की त्याची खालची बाजू आणि सगळी कड लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात, पेशंट पट्टी लावून बाहेर बसलेला, जिथे कॅन्सर दिसला फक्त तिथलाच पुढचा थर काढायचा, असं साफ होईपर्यंत. जागा बधिर करूनच होतं, पण दिवस जातो. फ्रेडरिक मोह्स या अमेरिकन सर्जननी 1930च्या दशकात ही पद्धत सुरू केली. परत आलेल्या बेसल सेलमध्येही साधारण 94-95 टक्के पेशंटना पुढची पाच वर्षं तो त्या जागी उलटत नाही. नाकाला खड्डा पडेल, तो शेजारची कातडी फिरवून किंवा ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी, लावून भरतात.

पाठीवरचा लहान असेल तर मोह्सची गरज नाही, भोवतीची 4 मिमी चांगली कातडी घेऊन काढला तरी चालतं. कानाजवळचा मात्र विचारा, ती जागा त्रासदायक असते. क्रीम वरवरच्या बेसल सेलला चालतं, नाकावरच्या या परत आलेल्याला नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आधी सांगा. आणि तिन्ही जागांचे फोटो आजच मोबाईलवर काढून ठेवा, बायोप्सीची जखम भरली की नेमकी जागा सापडत नाही, डॉक्टरांनासुद्धा.