झगा जाळीचा, अस्तर मलमलीचं

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मला येणाऱ्या पत्रांत अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डचं नाव दिसू लागतं. मी गेली बावीस वर्षं ऑरलँडोपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. माझी मुलगी इथेच लहानाची मोठी झाली आणि शिवणकाम हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे या महिन्यातली तीन पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. तिन्हींचा विषय एकच आहे. तिथल्या ज्या उपाहारगृहांत मिकी, सिंड्रेला, ‘विनी द पू’मधला पट्टेरी वाघ टिगर अशी पात्रं टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात, तिथे जाताना मुलांना काय घालावं?

ताई, माझी नात चार वर्षांची आहे. लेक-जावई न्यू जर्सीला असतात. जूनमध्ये मी तिकडे जातेय आणि आम्ही सगळे मिळून फ्लोरिडाला जाणार आहोत. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या नाश्त्याचं बुकिंग लेकीने पहाटे उठून मिळवलंय. तिथे लहान मुली राजकन्येसारखे झगे घालून जातात म्हणे. लेक म्हणते, ऑनलाइन मागवू. मला वाटतं, मी शिवावा. चाळीस वर्षं मशीन चालवलीय. पण घरी शिवलेल्या झग्यात पोर इतर मुलींत वेगळी पडेल का? तिथे असं चालतं का?
– एक आजी, सातारा

काकू, शिवा. अगदी बिनघोर शिवा. चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे एखाद्या पात्राचा पोशाख करून येता येतं आणि तो दुकानातला आहे की घरचा, हे कोणी विचारत नाही. टोकदार वस्तू किंवा खरं वाटेल असं हत्यार नको आणि मुखवटा असेल तर त्याने पूर्ण चेहरा झाकला जायला नको, डोळे दिसायला हवेत. तुमच्या नातीला यातलं काहीच लागू नाही.

आता झग्याबद्दल. तुम्ही जाणकार आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी लेक चार वर्षांची असताना मी तिच्यासाठी तयार झगा घेतला होता. कुठल्या दुकानातून, ते राहू दे. मी स्वतः कपडे शिवणारी बाई, पण त्या वर्षी हातात काम फार होतं. फोटोत झगा फारच सुंदर दिसत होता. गळ्याला चमकीची पट्टी, बाह्यांना कडक जाळी, पाठीला प्लॅस्टिकची चेन. सकाळी साडेसातला तिने तो हौसेने घातला. आठला ती मान खाजवत होती. नाश्ता समोर आला तेव्हा काखेत आणि मानेवर लाल चट्टे उठले होते. ती रडली नाही, फक्त हळूच म्हणाली, "आई, हे काढ ना." चेन अस्तरात अडकली होती. शेवटी मी कडेची शिवण उसवून तिला बाहेर काढलं. आतल्या पांढऱ्या पेटिकोटवर बसून तिने मिकीच्या तोंडाच्या आकाराचा वॉफल खाल्ला. राजकन्या टेबलाशी आली तेव्हा ती टेबलाखाली लपली, कारण अंगावर झगा नव्हता. तेवीस वर्षांची झालीय आता, पण त्या दिवसाचा विषय निघाला की मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी मुलांचा कुठलाही चमकदार कपडा आधी स्वतःच्या मानेवर घासून बघते. मला टोचला तर मुलाला टोचणारच.

तयार झगे बहुतेक उभ्याने फोटो काढण्यासाठी बेतलेले असतात. तुमची नात मात्र तिथे तासभर बसणार आहे. खाणार, उठणार, राजकन्येला बिलगणार, पुन्हा खुर्चीवर चढणार. त्यानंतर जूनच्या उन्हात मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे हा किल्ला ज्या बागेत आहे तिथे, दिवसभर फिरणार. बाहेर तेहेतीस अंशांचं दमट ऊन, आत गारठून टाकणारा एसी आणि दुपारी हमखास वळवासारखा पाऊस. एका झग्याने हे सगळं सोसायचं आहे.

म्हणून माझं सरळ सांगणं असं की अखंड झगा शिवूच नका. परकर-पोलकं शिवा. सिंड्रेलाचा रंग निळा. फिक्या निळ्या सुती कापडाचा घोळदार परकर, त्याच रंगाचं पोलकं आणि पोलक्याला पांढऱ्या फुग्याच्या बाह्या. एवढ्यावर लांबूनही कोणी ओळखेल. दोन भाग असल्याचा फायदा तुम्हाला तिथेच कळेल. वॉफलवरचा पाक सांडला तर परकर तेवढा बदलायचा. चार वर्षांच्या मुलीला ऐन वेळी बाथरूमला जायचं असतं, तेव्हा परकर वर धरला की काम झालं. अखंड झग्यात दोन मोठी माणसं लागतात. परकराला नाडी मात्र घालू नका, घाईत तिची गाठ बसते. रुंद, मऊ इलॅस्टिक घाला.

जाळी हवीच असेल, आणि नात हट्टाने मागेलच, तर ती फक्त परकराच्या वरच्या थरावर लावा. खाली मलमलीचं पूर्ण अस्तर घ्या, जाळीची कड अस्तरात दुमडून टीप मारा, कंबरेशी आणि गुडघ्यांशी तिचा स्पर्श होऊ देऊ नका. पोलक्याच्या आतल्या शिवणी उघड्या ठेवू नका. गळ्याला त्याच कापडाचा गोट द्या, मागे चेनऐवजी टिचबटणं. चमकी अजिबात नको. ती गळते, हाताला लागते, हात डोळ्याला जातो. चित्रातल्या सिंड्रेलाच्या गळ्यात काळी पट्टी असते, तीही वगळा. लहान मुलाच्या गळ्याभोवती बांधलेलं काहीही घेऊन तिथल्या फिरत्या पाळण्यांत बसवू नये. मागे झूल हवी असली तर ती खांद्यावर वेल्क्रोने अडकवा, ओढली की सुटली पाहिजे.

लांबी घोट्याच्या दोन बोटं वर. हे मी फार आग्रहाने सांगते. किल्ल्यातलं उपाहारगृह वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण गोल जिनाही आहे आणि मुलं जिनाच मागतात. पायघोळ झगा आणि वळणाचा जिना यांचं जमत नाही. काचेच्या बुटांसारखे दिसणारे प्लॅस्टिकचे उंच टाचांचे बूट घेतले असतील तर ते हॉटेलवर खेळायला ठेवा. पायात रोजच्या वापरातले, मागे पट्टा असलेले सँडल.

तुम्ही पैठणीचा पदर कापायचा विचार करत असाल तर करू नका. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण मला आज्यांचा स्वभाव माहीत आहे. जरतार अंगाला टोचते आणि पाकाचा डाग पैठणीवरून जात नाही. जुन्या मऊ सुती साडीचा मात्र परकर फार छान होतो. दहा वर्षं धुतलेल्या कापडाइतकं मऊ बाजारात काही मिळत नाही. कमरेला आणि खालच्या दुमडीत भरपूर माया (जादा कापड) ठेवा, म्हणजे पुढची दोन वर्षं दसऱ्या-दिवाळीला तोच परकर उसवून मोठा करता येईल. पाचशे रुपयांच्या कापडाला एवढं आयुष्य मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

निघण्यापूर्वी रंगीत तालीम करा. परकर-पोलकं घालून नातीला टेबलावर बसवा आणि उपमा खायला द्या. मग तिला बाथरूमला न्या, जिना चढवा, दहा मिनिटं उड्या मारू द्या. जिथे ती हात लावून ओढेल तिथली शिवण सुधारायची.

आणि वेगळी पडेल का, हा तुमचा खरा प्रश्न. तिथल्या राजकन्या बोलतात, मिकीसारख्या मुक्या नसतात. टेबलाशी आल्या की त्या बहुधा मुलीच्या कपड्यांवरूनच बोलणं सुरू करतात. एकसारख्या झग्यांच्या रांगेत एका मुलीचा परकर आजीने शिवलेला असेल, तर तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल. तिला इंग्रजीत एक वाक्य शिकवून ठेवा, "माझ्या आजीने शिवलंय." लाजाळू मुलांना पहिलं वाक्य हाताशी असलं की पुढची आपोआप येतात.

जाता जाता एक. किल्ल्यातच मुलींना सजवून देणारं दालन आहे, तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. हौस असेल तर करा, पण नाश्ता आणि सजावट एकाच सकाळी नको. दोन्हीकडे बसून बसून पोर कंटाळेल. अंबाडा घालायला तुमचे हात आहेतच.

माझ्या दोन मुली, एक पंधरा वर्षांची, एक सहा. धाकटी स्नो व्हाइट होणार आहे. मोठीलाही तोच पोशाख हवाय, दोघींचा जोडीने फोटो काढायचा आहे. दोघींचे शिवून घेऊ का?
– एक आई, ठाणे

मोठीचा नको. चौदा आणि त्यापुढच्या वयाच्या कोणालाही तिथे पोशाख करून येऊ देत नाहीत, म्हणजे लहान मुलं त्यांनाच खरं पात्र समजत नाहीत. हॅलोविनच्या वेगळ्या तिकिटाच्या रात्री याला अपवाद असतात, एरवी नाही. दारात पंधरा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला सांगितलं जाणं तिला किती लागेल, ते तुम्ही जाणता.

मोठीला रंगातून जुळवा. पिवळा साधा स्कर्ट, गडद निळा टॉप, केसांत लाल रिबन. हे रोजचे कपडे आहेत, कोणी अडवणार नाही आणि धाकटीच्या शेजारी उभी राहिली की जोडी दिसेल. तुम्हीही पिवळी साडी लाल काठाची नेसा. साडी हा आपला नेहमीचा वेष आहे, पोशाख नव्हे.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. टिगर त्याचा जीव की प्राण. आम्ही त्याच्यासाठी टोपीसकट पूर्ण अंगाचा टिगरचा फरचा सूट घेतलाय आणि मॅजिक किंगडममधल्या क्रिस्टल पॅलेस या उपाहारगृहात जेवण बुक केलंय. पण गेल्या महिन्यात एका वाढदिवसाला अस्वलाचा वेष घेतलेला माणूस आला, तर हा किंचाळत घराबाहेर पळाला. आता जावं की नाही?
– एक बाबा, डॅलस

सुटाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. तो परत करता आला तर करा. उन्हाळ्यात फरच्या सुटात अडीच वर्षांचं मूल तापतं. शिवाय डायपर बदलायचा म्हटलं की गळ्यापासून सगळं उघडावं लागतं. नारिंगी सुती टी-शर्टवर काळ्या कापडाचे पट्टे शिवा, खाली आखूड चड्डी आणि मागे कापूस भरलेली पट्ट्यापट्ट्यांची शेपटी. झाला टिगर.

भीतीचं मात्र जपून करायला हवं. माझं माहेर कोकणात, गुहागरकडचं. शिमग्यात आमच्याकडे खेळ्यांबरोबर, म्हणजे घरोघर नाचत फिरणाऱ्या मंडळींबरोबर, संकासूर येतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच टोक, कमरेला घुंगरं. घुंगरांचा आवाज पाणंदीतून यायला लागला की मी माजघरात धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची. मोठी माणसं हसायची, दोन वर्षं मला हाताला धरून पुढे ओढली गेली आणि दोन्ही वर्षं रात्री ताप भरला. तिसऱ्या वर्षी आजोबांनी मला दुपारीच शेजारच्या वाडीत नेलं. तिथे एका ओट्यावर बसून एक ओळखीचा माणूस चहा पीत होता आणि शेजारी ते काळे कपडे घडी करून ठेवले होते. त्याने घुंगरांचा पट्टा माझ्या हातात दिला. बराच जड होता. मी तो वाजवून बघितला. त्या संध्याकाळी मी आजोबांच्या धोतराला धरून उभी राहिले, पण अंगणात उभी राहिले.

तिथे टिगरला चहा पिताना दाखवता येणार नाही, दाखवूही नये. पण पट्टा हातात देणं म्हणजे काय, ते तुम्हाला घरी करता येईल. त्याला टिगर आवडतो तो पडद्यावरचा, तळहाताएवढा. समोर येणार आहे तो तुमच्याहून उंच, मोठ्या डोक्याचा आणि न बोलणारा. मुलांशी बोलतात त्या राजकन्या. अशी अंगभर वेष घेतलेली पात्रं फक्त हातवारे करतात आणि अडीच वर्षांच्या मुलाला न हलणारं तोंड फार विचित्र वाटतं. तेव्हा जेवणाचे खरे व्हिडिओ आधी दाखवा, त्यांत शेजारी उभ्या मुलांची उंची दाखवा. तुम्ही स्वतः डोक्यावर उशी धरून, न बोलता, हात हलवत त्याच्यासमोर या आणि मग उशी काढा. हा खेळ त्याला पुन्हा पुन्हा खेळू द्या. उशी त्याच्या डोक्यावरही ठेवा.

तिथे गेल्यावर त्याला आतल्या बाजूला बसवा, वाटेच्या कडेला तुम्ही. पात्रं एकेका टेबलाशी क्रमाने येतात. तो घाबरला तर लांबूनच हाताने थांबायची खूण करा. ती तिथूनच हात हलवून पुढे जातात, वाईट वाटून घेत नाहीत, असे प्रसंग रोज असतात. एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. फोटोसाठी त्याला उचलून टिगरच्या कुशीत देऊ नका. आजी म्हणाली तरी नको, बुकिंगचे पैसे गेले असं वाटलं तरी नको. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे ना प्रवेशाचं तिकीट लागत, ना जेवणाचे पैसे. त्याचा स्वतःचा एक पैसाही वाया जात नाहीये.

त्याच जेवणात टिगरचे सोबती पू (अस्वल), पिगलेट (डुकराचं पिल्लू) आणि ईयोर (गाढव) हेही येतात. पिगलेट त्यांच्यात बुटका आणि शांत. तो आधी आला तर बरं, पण क्रम आपल्या हातात नसतो.

शेपटी चड्डीला वेल्क्रोने लावा. उंच खुर्चीत बसवताना ती टोचते, म्हणून काढावी लागेल. काढलेली शेपटी पिशवीत न टाकता टेबलावर, त्याच्या ताटलीशेजारी ठेवा. टिगर आला की बहुधा तिच्याकडे बोट दाखवेल आणि स्वतःची शेपटी पुढे धरेल. मग तुमचा मुलगा टिगरच्या तोंडाकडे न बघता शेपट्यांकडे बघेल, आणि पहिल्या भेटीला तेवढं बघणं पुरे.